तेलाच्या दोन बाटल्या

संस्थेच्या प्राणिगृहात त्यांना सगळे मामा म्हणत. एकोणतीस वर्षं त्यांनी तिथं वॉलबी सांभाळल्या. वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी चुलत बहीणच, पोटाला पिशवी असलेली. चारा घालायचा, पिंजरे धुवायचे, आणि प्रयोग चालू असला की रोज सुई टोचायची. मामांच्या हाताला जनावर दचकत नसे. मागून अलगद पोत्यात घ्यायचे, मांडीवर ठेवायचे, आणि "झालं गं बाई, झालं" म्हणेपर्यंत औषध आत गेलेलं असे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. साहेबांना कळलं तर ते आपल्याला उचलून भांडारात बसवतील, ही धास्ती त्यांनी घेतली. बायकोही म्हणाली, "पिकू दे की जरा. मग करू ऑपरेशन." म्हणून कुणालाच सांगितलं नाही. पिंजरे, खिळे, दारं हाताला पाठ होती. वाचायचं असं काही फारसं नसेच.

त्याच वर्षी एक संशोधक मुलगी आली. मामांच्या लेकीपेक्षाही लहान, पण मामा तिला बाई म्हणत. ती जे करायची ते मामांना समजावून सांगायची. तसं सांगणारी ती पहिलीच.

"मामा, आपल्या बायकांना एक गर्भाशय असतं. यांना दोन. दोन्हींची तोंडंही वेगळी. बीजांडकोशातून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक रक्तात येतं, त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आतल्या ग्रंथी फुगतात, रस पाझरायला लागतो. त्या रसावरच गर्भ जगतो. कोश काढून टाकला तर सगळं सुकून दोरीसारखं होतं. मग तेच संप्रेरक बाहेरून टोचलं तर किती फुलतं, ते मला मोजायचंय."

मोजायचं म्हणजे शेवटी काय करायचं, हे मामांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

आठ माद्या निवडल्या. त्यांचे कोश काढले, जखमा भरू दिल्या. मग बारा दिवस चार जणींना प्रोजेस्टेरॉन घातलेलं तेल टोचायचं आणि उरलेल्या चार जणींना नुसतं तेल. दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या, एकाच मापाच्या, वर बाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. मामांना ती अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. बाईंनी बाटल्या कपाटात ठेवताना सांगितलं, त्यावरून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, डावीकडची औषधाची, उजवीकडची तेलाची. बारा दिवस एकही सुई चुकवली नाही. तेराव्या दिवशी आठही माद्या त्यांनीच एकेक करून आत नेल्या आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

दुपारी बाटल्या परत द्यायला गेले. बाईंनी मामांच्या उजव्या हातातली, म्हणजे कपाटातली उजवीकडची बाटली घेतली. "हे प्रोजेस्टेरॉन फ्रिजमध्ये टाकते. ते तेल राहू दे तिथंच."

त्यांच्या हिशेबानं उजवीकडची बाटली तेलाची होती.

खाली येऊन त्यांनी झाडूवालीला विचारलं, "औषधाचं कपाट कधी पुसलंस गं?"

"त्या सोमवारी नाही का, पाहुणे यायचे होते तेव्हा. सगळ्या बाटल्या काढून पुसून परत ठेवल्या. का हो?"

सोमवार म्हणजे सातवा दिवस. सहा दिवस बरोबर औषध गेलं होतं, पुढचे सहा दिवस उलटं. आठही जणींना.

मामांनी वर कुणाला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी गर्भाशयाच्या पातळ चकत्यांच्या काचपट्ट्या तयार झाल्या आणि वर एकच गडबड उडाली. नुसतं तेल दिलेल्यांच्याही ग्रंथी फुगलेल्या होत्या! साहेब मामांच्या देखत बाईंना सांगत होते, "कोश नाही आणि तरी अस्तर फुलतं? म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून प्रोजेस्टेरॉन येत असणार. आजवर एवढं कुणी दाखवलेलं नाही. लिहायला घे." बाईंचा चेहरा असा उजळला होता की मामांना तिकडं बघवेना.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"गप्प बसा," ती म्हणाली. "पोरगी खूश, साहेब खूश. कुणाचं काय अडलंय?"

"ते खोटं आहे गं."

"तुम्ही कुठं खोटं बोललात?"

"बोललो नाही, तेच तर."

तिनं निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पिकू दे असं मीच म्हणाले होते ना."

दुसऱ्या दिवशी मामा बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. डोळ्यांचं, डाव्या-उजव्याचं, सोमवारचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "सातवाच दिवस ना? नक्की?" आणि वहीत लिहून घेतलं. मग वही मिटली.

"आठ जणी होत्या, मामा."

"हो."

"वाचता येत नाही एवढंच सांगायचं होतं हो. मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. कागदावर सही केली आणि मामांना भांडारात पाठवलं. डोळ्यांची ऑपरेशनं झाली. प्राणिगृहात नवा माणूस आला. मामांनी त्याला काही शिकवायची गरज नाही, असं वरून कळवण्यात आलं. नव्या आठ माद्या निवडल्या गेल्या. भांडाराच्या खिडकीतून प्राणिगृहाचं मागचं दार दिसे. मामा खुर्ची भिंतीकडं फिरवून बसायचे.

वर्ष उलटल्यावर एके दिवशी कोऱ्या काचपट्ट्यांचे डबे न्यायला बाई स्वतः आल्या. त्या वाळल्या होत्या. प्रबंध वर्षानं लांबला होता, मिळायची नोकरी दुसऱ्याला गेली होती.

"काय निघालं, बाई?"

"पुस्तकात आहे तेच. तेलवाल्यांची दोरी झाली, औषधवाल्यांचं फुललं. नवीन काही नाही."

"आणि पहिल्या आठ जणींचं?"

"ते टाकून दिलं, मामा. त्याचा काही उपयोग नव्हता."

मामांनी डबे खिडकीतून पुढं सरकवले. बाईंनी सही केली, डबे छातीशी धरले आणि जिना चढून गेल्या.