इटलीतल्या म्हाताऱ्याची भूक
शेजारी आज वर्षभराच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला लागले आणि ठसका आमच्या पुढच्या सोप्यापर्यंत आला. असाच ठसका एकदा आमच्या घरात उठलेला. माझी बायको चुलीपुढं मिरच्या परतत होती आणि नात उंबऱ्यात पुस्तक धरून रडकुंडीला आलेली. नात कागलच्या एमआयडीसीत कामाला. कारखान्यातली यंत्रं इटलीची, म्हणून क्लास लावून इटालियन शिकत होती. पुस्तक वाचून त्यावर आपलं मत इटालियनमध्ये लिहायचं होतं. ते जमलं तरच कंपनी तिला इटलीला धाडणार होती. शब्द येत होते, मतच सुचत नव्हतं. बायको म्हणाली, "आधी मला गोष्ट तर सांग." गोष्ट एका म्हाताऱ्याची. त्याची बायको मरते आणि तो पुस्तकभर रडतो. "आणि जेवतो कवा?" "जेवण कुठंच न्हाय, आज्जी." "मग लिवणाऱ्याला रडणं म्हाईत न्हाय. रडून तर जास्त भूक लागती. हेच लिव की." मी म्हटलं, "तुला काय कळतंय इटलीतलं?" "का? तिथं माणसांस्नी पोट नसतंय व्हय?" नातीनं तेच लिहिलं. क्लासच्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पोरगी विमानात बसली. आता बायको जाऊन वर्ष होत आलं. ती गेल्यापासून भूक लागली की मला लाज वाटायची. मघाशी डोळं भरलं, ते मिरचीनं असं सुनेला सांगितलं. मग भूक लागली. आज लाजलो न्हाय. म्हटलं, भाकरी वाढ, आणि चटणी जरा जास्त घाल.