खळ्यातली हिरवळ

आमच्याकडे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गवत उगवणं ही शिवी होती. दोन बायका भांडायला लागल्या आणि तोंडची सगळी शस्त्रं संपली, की शेवटी एकजण म्हणायची, "तुझ्या खळ्यात गवत रुजांदे!" म्हणजे तुझं घर बंद पडो, दारात सडा घालायला माणूस न उरो. यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नसे. अशा मुलखात माझ्या बाबांनी मुंबईहून बोटीतून घासलेटच्या डब्यात गवत भरून आणलं आणि आपल्या हातांनी खळ्यात लावलं. वाडीने तोंडात बोटं घातली, ती पुढे कित्येक दिवस काढलीच नाहीत.

बाबा मुंबईत एका बंगल्यावर माळी होते. गोरा साहेब गेला, मग एक शेठ आला, पण बंगल्यापुढची हिरवळ तीच राहिली आणि तिची उस्तवार करणारे बाबाही तेच राहिले. ते तिला 'लान' म्हणत. वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला घरी आले की आम्हा दोघी बहिणींना तिच्या गोष्टी सांगत. तिच्यावरून हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा वाटतो, संध्याकाळी तिथे खुर्च्या मांडतात, साहेबाची मुलं लोळतात. धाकटीने एकदा विचारलं, "आणि तुमी खंय बसतात?" बाबा हसले. म्हणाले, "माळ्यान लानार बसाचा नसता, बाय. कुंपणाकडे बसाचा." त्यात कडवटपणा नव्हता. पाऊस वरून पडतो, इतक्या साधेपणाने ते म्हणाले. मला मात्र त्या साहेबाचा भयंकर राग आला. माझा राग लहानपणापासून नाकावरच असतो आणि बहुतेक वेळा ज्याच्यावर काढायचा तो माणूस हाताशी नसतो.

मग त्यांची छाती बिघडली. खोकला जाईना, तेव्हा शेठने त्यांना घरी पाठवलं. कार्तिक होता. भातं कापून झाली होती, आईने पावसाने उखणलेलं खळं नुकतंच खणून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून आरशासारखं केलं होतं. बोट लांब समुद्रात थांबली, पडावातून माणसं किनाऱ्याला आली आणि त्यांत बाबा. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात तो डबा. वाटेत प्यायला घेतलेलं पाणी त्यांनी निम्मं स्वतः प्यायलं होतं आणि निम्मं डब्यात ओतलं होतं.

आईने डब्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लोक मुंबयसून लुगडी हाडतत," ती म्हणाली. "तुमी गवत हाडलात?"

तिचंही काही चुकत नव्हतं. खळं म्हणजे तिचा अर्धा संसार. तिथेच भात झोडायचं, तिथेच आमसुलं आणि पापड वाळत घालायचे, तिथेच मध्यभागी तुळस. शिमग्याला सोंगं आणि ढोल घेऊन रोंबाट दारात यायचं ते त्याच खळ्यात नाचायचं. तिथे गवत म्हणजे काय, हे ती कोणाला कोणत्या तोंडाने सांगणार? दोन दिवस दोघांचा अबोला झाला. शेवटी तुळशीच्या उजवीकडचं खळं आईचं आणि डावीकडचं बाबांचं, असा तह झाला. आई मला म्हणाली, "माणूस दुखण्यातसून उठता हा. करूंदे काय करता ता."

त्यांनी केलं ते जिवाचं रान करून केलं. चोपलेली जमीन पुन्हा उकरली, ओहोळाची गोडी वाळू चाळून घातली. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं, हे मला तेव्हा कळलं. डब्यातल्या गवताची मुळं चिमटीचिमटीने सोडवून त्यांनी वीत वीत अंतरावर लावली. दाबायला रूळ कुठून आणणार? माडाचा एक ओंडका होता, त्याला सुंभ बांधून आम्ही दोघी बैलासारख्या ओढायचो आणि बाबा मागून "हळू गो, हळू" करायचे. पाण्यासाठी आंघोळीचं पाणी दगडी मोरीतून चर खणून तिकडे वळवलं. आई तांदूळ धुतलेलं पाणी गुरांना द्यायची, त्यातलंही थोडं हळूच डावीकडे जाऊ लागलं. ते कोण ओततं हे बाबांना ठाऊक होतं.

माघ सरला आणि तिथे खरोखर हिरवळ झाली. आजूबाजूचा सगळा कातळी माळ वाळून तांबडा पडला होता, काजूला मोहोर होता, आणि आमच्या दारात ही एवढीशी हिरवी जागा. बाबा सकाळी उठून आधी तिच्याकडे जायचे. बाजूला पाट ठेवून त्यावर बसायचे आणि हात लांब करून लव्हाळा मुळासकट उपटायचे. वाढलेली पाती विळ्याने एकसारखी कापायचे. खोकला आला की विळा खाली ठेवायचे, खोकला संपला की उचलायचे. पण त्यावर पाय ठेवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. स्वतःही ठेवायचे नाहीत.

"मगे बसाचा केवा?" धाकटी रोज विचारायची.

"मुळां धरूंदेत. पाडव्याक बसू सगळी," बाबा म्हणायचे. "मी पयलो बसतलय. मगे तुमी."

आईला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे. आई सूप पाखडत म्हणायची, "बसा, बसा. आमी शेणातली माणसां, आमका खंयचा लान!" पण पाडव्याला नेसायचं लुगडं तिने धुऊन ठेवलं होतं. ते मी पाहिलं होतं.

शिमग्यात रोंबाट आलं. सोंगं आईच्या बाजूला नाचली. ढोलवाला मागे मागे येत हिरवळीपर्यंत आला, त्याच्या अनवाणी पायाला गार लागलं आणि तो दचकून बाजूला झाला. सगळे हसले. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तोंडाला लावलेला पंचा त्यांनी पटकन दुमडून कमरेला खोचला. तरी आईने बघितलंच.

पाडवा तोंडावर आला असताना काका, म्हणजे बाबांचा भाऊ, त्यांना घाट चढून मिरजेच्या इस्पितळात घेऊन गेला. आईही गेली. आम्हा दोघींना मामा धामापूरला घेऊन गेला. निघताना बाबांनी शेजारच्या काकीला हिरवळीला पाणी घालायला सांगितलं. काकी आमच्या घरची नव्हती, पण आमच्या घरातला मिठाचा डबा कुठे असतो हे तिला आईइतकंच ठाऊक होतं. "घालतंय, भावजीनू, तुमी बरे होवन येवा," ती म्हणाली. आणि तिने घातलंही. चैत्रात विहीर तळाला गेली तरी तिची एक खेप चुकली नाही, हे पुढे सगळ्या वाडीने सांगितलं.

धामापूरला तळ्याकाठी गवतावर गुरं बसलेली दिसली की मी त्यांना हाकलून उठवायचे. गुरांना बसायला मिळतं, आणि आमचे बाबा पाटावर. पाडवा तिथेच गेला. मामीने गोड केलं, ते मी धाकटीच्या पानात सरकवलं.

मग निरोप आला की बाबांना घरी आणत आहेत. मामाने आम्हाला त्याच दिवशी पोचवलं. मी पाणंदीतून वर आले आणि थांबले. आमचं खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलेलं होतं. ताजं, ओलं, हिरवट शेण, त्यावर पांढरी रांगोळी, तुळशीला तोरण. हिरवळ नव्हती.

कोपरापर्यंत शेणाने माखलेली काकी हसतमुखाने पुढे आली. "सगळ्या वाडीन हात लावल्यान गो! तुझो बापूस बरो होवन येता. तेका गवतातसून घरात घेवचा? ता गवत इला आणि दुखणा वाढला. आता बघ कसा घर घरासारख्या दिसता."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शब्द नव्हतेच बहुतेक. तिला वाटलं मी आईच्या आठवणीने हंबरडा फोडला. तिने मला त्या शेणाच्या हातांनीच पोटाशी धरलं. तिच्या अंगाला गोठ्याचा वास येत होता आणि तिचे डोळेही भरले होते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? चोपणी दिवसभर चालली होती. म्हातारी माणसंही आपापलं काम टाकून आली होती. एवढ्या प्रेमाने कोणी कोणाचं नुकसान केलेलं मी पुन्हा आयुष्यात पाहिलं नाही.

तिन्हीसांजेच्या आधी गाडी आली. बैलगाडीतून बाबांना उतरवताना ते इतके हलके झाले होते की काकाने एकट्याने उचललं. ते बरे होऊन आले नव्हते. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून घरी आणले होते, आणि हे वाडीत फक्त आईला आणि काकाला ठाऊक होतं. वाटभर बाबा एकच विचारत होते, असं आईने मला फार वर्षांनी सांगितलं. "हिरवी आसात मा गो अजून?" आणि ती म्हणत होती, "काकी पाणी घालता. आसतली. जावन पयले थंयच बसा."

आईने खळं पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतके दिवस हिरवळीला नावं ठेवणारी माझी आई, तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि ती काकीच्या दिशेने जायला वळली. बाबांनी तिचा हात धरला. त्यांच्या हातात तेवढी शक्ती कुठून आली, देव जाणे. ते सगळ्यांकडे बघून हसले.

"बरा केलास गो वहिनी," ते काकीला म्हणाले. "खळा मस्त झाला हा. सगळ्यांका चाय दी गो." शेवटचं आईला होतं.

आईने चहा केला. सगळ्यांना दिला. चुलीपुढे तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती धुराला शिव्या देत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला बरोबर घेतलं आणि उपटलेलं गवत कुठे टाकलं ते शोधायला निघाली. माडाच्या आळ्यात सापडलं. वाळून सुंभासारखं झालेलं. त्यातल्या त्यात जिवंत मुळं तिने पदरात गोळा केली, घरी आली, पहार घेतली आणि स्वतःच्या बाजूचं, उजवीकडचं खळं फोडायला लागली. बाबांच्या खाटेवरून दिसेल अशी, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. वाडीतल्या बायका बघत राहिल्या. काकीला कोणीतरी काय ते समजावून सांगितलं असावं, कारण ती धावत आली आणि आईच्या शेजारी बसून माती चाळू लागली. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मला वाटलं होतं, आई तिला हाकलून देईल. तिने चाळण तिच्याकडे सरकवली.

वैशाखात गवत जीव कसला धरणार! पण आठवडाभरात एकदोन पाती दिसली. आई बाबांना आधार देऊन ओटीवर आणायची. एके सकाळी ती त्यांना म्हणाली, "बसा आता. मी धरतंय. एकदा बसा." अशी काकुळतीला आलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

बाबांनी त्या दोन पात्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"मुळां धरूंदेत आधी," ते म्हणाले. "आता बसलंय तर मरात ता."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. बंगल्यावरचा माळी शेवटपर्यंत त्यांच्या अंगातून गेला नाही. मृगाच्या आधीच ते गेले, आणि ते गवत नंतर पावसात असं माजलं की बघवेना.

पाऊस सरला आणि खळं सारवायची वेळ आली, तेव्हा बायकांच्या आधी आईच त्या जागेपुढे उभी राहिली. "ह्या असाच रवांदे," एवढंच म्हणाली. पुढे रोज ती संध्याकाळी तुळशीला दिवा लावायची आणि एक कळशी तिथे ओतायची. विळ्याने पाती कापायची, बाबा कापायचे तशीच, पाटावर बसून. त्यावर पाय ठेवायची कोणाला छाती नव्हती. एकदा काकीची कोंबडी गेली, तर काकीनेच दगड मारून तिला लंगडी केली.

पुढचा पाडवा आला. आईने गुढी उभारली नाही, वर्ष सरलं नव्हतं. मी ओटीवर बसून तांदूळ निवडत होते. धाकटी खेळता खेळता गेली आणि सरळ त्या हिरवळीवर मांडी घालून बसली. तिच्या लक्षातही आलं नसावं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिला बघून खांबाला धरून उभी राहिली. धाकटी घाबरून उठायला लागली.

"उठा नको," आई म्हणाली. "बस गो. बसाकच लावल्ल्यानी तेंनी."

मग ती पायऱ्या उतरली, पदर कमरेला खोचला आणि हात टेकून तिच्या शेजारी बसली. जागा दोघींना पुरत नव्हती. ती अर्धी गवतात आणि अर्धी शेणात बसली होती आणि एका हाताने गवत चाचपत होती.

"गार आसा," ती मला म्हणाली.