मंदीत ठरलेली सोयरीक

मला पाहायला पाहुणे आले त्याच दिवशी देशात मंदी आली. आली तशी ती आधीच असेल, पण आम्हाला रविवारी सकाळी टीव्हीवरून कळली. 'अर्थव्यवस्था अचानक घसरली' अशी लाल पट्टी पडद्याखालून सरकत होती. पाहुणे येतील, टीव्ही बंद करा, असं आई म्हणाली, तर बाबांनी फक्त आवाज बंद केला. पट्टी सरकतच राहिली.

आमचं घर सिंदी मेघेला. बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. मुलाच्या वडिलांचं दुसऱ्या सिंदीत, म्हणजे सिंदी रेल्वे या गावात, कापडाचं दुकान. हे स्थळ आणलं होतं माझ्या मामानं. "पोट्टी सिंदीची आन् जाईन बी सिंदीतच," असं तो आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला होता.

पाहुणे आले. मुलाची आई सरळ स्वयंपाकघरात येऊन आईजवळ बसली. बैठकीत पाणी झालं, उन्हाची चौकशी झाली. तेवढ्यात मुलाच्या वडिलांची नजर टीव्हीकडे गेली.

"आता हे काऊन झालं म्हणता गुरुजी?"

एवढं विचारायचाच अवकाश. बाबा उठले आणि कपाटावरचा पृथ्वीचा गोल घेऊन आले. तेलाची जहाजं कुठून निघतात, कुठल्या चिंचोळ्या समुद्रात अडतात, हे बोटानं दाखवायला लागले. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई जी. जहाजाचं काई नाई. लोकं आजकाल लग्नाच्या साड्या भाड्यानं आणून राह्यले. भाड्यानं! मंग देश कसा चालन?"

"अहो, साडीनं देश बसते काय?"

"बसते न! मी दुकानात बसून पाहून राह्यलो."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आफ्रिकेवर बाबांचं बोट होतं. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. सकाळपासून चार वेळा साडी बदलली होती मी! पोह्यांवरची रश्श्याची तर्री निवत चालली तरी मी तिथंच ट्रे धरून उभी. शेवटी मुलगाच उठला.

"द्या इकडे. ह्यायचं लवकर आटपत नाई."

त्यानं पोहे वाटले आणि रिकामा ट्रे घेऊन माझ्या मागोमाग परसात आला. बैठकीतले आवाज चढत होते.

"तुमाले काय वाटते?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"मंदीचं. दुसरं विचारायची सोय ठेवली काय ह्यायनं?"

मी म्हटलं, "मले त काईच समजत नाई त्यातलं."

"मले बी नाई," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. बुटीबोरीहून घरी लवकर येतो आता. मंग विहिरीत पोहायले शिकून राह्यलो. कमरेले डबा बांधून. गावातले लहान लहान पोट्टे मले शिकवतात आन् हासतात."

मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरूनही आवरेना. स्वयंपाकघराच्या दारातून दोघी आया आमच्याकडे पाहत होत्या.

नेमका तेव्हाच बैठकीत स्फोट झाला. बाबांनी शाळेतली सवय सोडली नाही. "तुमी कापडातून बाहेर निघा, म्हणजे जग दिसन," असं त्यांनी म्हटलं.

मुलाचे वडील उभे राहिले. "कापडातून बाहेर निघालो त तुमालेच लाज वाटन, गुरुजी. चला रे!"

मामा हात जोडत फाटकापर्यंत धावला, पण गाडी निघून गेली. संध्याकाळी बाबा फिरायला निघाले तेव्हा कळलं, मुलाचे वडील रागाच्या भरात बाबांच्या चपला घालून गेले होते. आई बाबांशी बोलेना. मला मात्र एवढा बरा माणूस मंदीनं नेला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाटक वाजलं. मुलाचे वडील होते, सोबत त्यांची बायको.

"चपला बदलाले आलो," ते म्हणाले. पण शर्टाच्या खिशातून पेपराचं कात्रण डोकावत होतं.

"बसा न जी," बाबा म्हणाले. पृथ्वीचा गोल कालपासून टेबलावरच होता.

कात्रणात साड्यांचं काही नव्हतं, लोकांनी खर्च आखडता घेतल्याचं होतं. "म्हणजे साड्याच न!" ते म्हणाले. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाले, "अर्धं तुमचं बरोबर हाये." मग चहा आला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून मंदीचा अर्धा दोष समुद्राला आणि अर्धा साड्यांना वाटून दिला.

शेवटी आईच दारात येऊन उभी राहिली. "आन् पोट्टीचं काय?"

दोघांनी दचकून वर पाहिलं.

"तिचं काय?" मुलाचे वडील म्हणाले. "ठरलं न ते!"

"कोणी ठरवलं?" बाबांनी विचारलं.

"आमी दोघीनं," मुलाची आई म्हणाली. "कालच. तुमी आफ्रिकेत होते तवा."

मग आईनं मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं. मी हो म्हटलं.

लग्न हिवाळ्यात झालं. तोवर टीव्हीवर मंदी सरल्याची पट्टी सरकायला लागली होती. ती का सरली, हेही कोणाला नीट सांगता येत नव्हतं. पंगतीत दोघे व्याही मांडीला मांडी लावून बसले. मी आणि नवरा वाढायला गेलो, तर दोघांचा महागाईवर वाद सुरू झालेला.

"थांबवू काय?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ह्यायले बुंदी वाढ."