यवतमाळच्या शोरूमसाठी आईचा सल्ला

मंडळी, आज आईनं फोनवरून माझ्या बेताची पार वाट लावली!

मी बंगळुरूत कपड्यांच्या एका ब्रँडच्या ऑफिसात काम करते. "कापूस पिकतो तिथे, आमच्या यवतमाळला शोरूम काढा," म्हणून मीच साहेबांच्या मागे लागले होते. मनात वेगळंच होतं. शोरूम झाली की मॅनेजर म्हणून मी घरी!

साहेब बेळगावचे, मराठी उत्तम. आज मीटिंगमध्ये म्हणाले, "तुझ्या आईलाच विचारू की. लाव स्पीकरवर."

"काकू, शंभर टक्के सुती शर्ट तिकडं खपतील काय?"

"कापूस आम्ही विकतो जी, घालत नाही," आई म्हणाली. "धुतला की चुरगळते. रोज इस्त्री कोण करन? हिच्या बाबाचे सारे शर्ट टेरिकॉटचे."

मी कपाळाला हात लावला.

"मग शोरूम चालणार नाही म्हणता?"

"कावून नाही? एसी लावान ना? उन्हाळ्यात अख्खी गल्ली येऊन बसन. बसल्या बसल्या लग्नाचे कपडेही घेतीन. अन् पोरगीच मॅनेजर होऊन येते म्हणे, मग काय!"

सगळी मीटिंग माझ्याकडे बघून हसत सुटली.

"सरी काकू, काढतो शोरूम," साहेब कानडीतलं 'ठीक आहे' वापरून म्हणाले. "इस्त्री न लागणारे कपडे आणि मोठा एसी. मॅनेजर मात्र तिथलाच घेतो. पोरगी इथं लागते मला."

आई खूश आहे. मी बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या माझ्या खोलीत कपाळ धरून बसलेय.

तुमच्या आईनं ऑफिसात कधी अशी मदत केलीय? सांगा, जरा बरं वाटेल.