घड्याळ शंकेखोराच्या हाती

श्री. मनोहर टिपणीस यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायमोज्यांमुळे. २००८ सालचा सप्टेंबर चालू होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका बांधकाम कंपनीत काँक्रीटचा दर्जा तपासायला मी नुकताच रुजू झालो होतो. एका गुरुवारी लिफ्टमध्ये माझ्या शेजारी साठीकडे झुकलेले एक सडपातळ गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि पायांत डोंगर चढायचे जाडजूड बूट. बुटांच्या वर राखाडी लोकरी मोजे डोकावत होते. बाहेर ऊन असे की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता.

"नवे बूट आहेत," माझी नजर पाहून ते म्हणाले. "डोंगरावर चावण्यापेक्षा ऑफिसात चावलेले परवडतात. आपण मराठी ना?"

मी मराठी आहे हे यांना कसे कळले, या विचाराने माझा तो दिवस गेला. गळ्यात माझ्या नावाचे ओळखपत्र लोंबत होते हे घरी गेल्यावर लक्षात आले. तरीही या माणसापासून जपून राहायचे, हे मी ठरवून टाकले.

टिपणीस साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी गोड आठवणी पाठवा, असे कळवले आहे. माझी अडचण त्यांनी समजून घ्यावी. ठोकळा यंत्रात घालून फोडून बघितल्याशिवाय काँक्रीटला चांगले म्हणायचे नाही, या सवयीत माझा जन्म गेला. माणसांच्या बाबतीतही माझे तसेच होते. माझी पत्नी वैशाली म्हणते की देवळात तीर्थ घेतानासुद्धा मी आधी वास घेतो. तेव्हा साहेबांबद्दल जे लिहीन ते तपासून घेतलेले असेल, एवढे नक्की.

टिपणीस साहेब आमच्याकडे प्लॅनिंग मॅनेजर होते. त्यांच्या केबिनमध्ये इमारतीचे एकही चित्र नव्हते. होते ते जुन्या इंग्रज गिर्यारोहकांचे काळेपांढरे फोटो. लोकरी कोट, गळ्याला मफलर, तळव्याला खिळे ठोकलेले बूट, दाढीत बर्फ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही माणसे दार्जिलिंगहून पायी निघून, तिबेटचे पठार ओलांडून एव्हरेस्टच्या पायथ्याशी जात. साहेबांनी हे सगळे दादरच्या एका वाचनालयात शाळकरी वयात वाचले होते आणि तेव्हापासून ते वेड त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. कोणी कुठे तळ ठोकला, कोणाच्या हाताची बोटे गेली, वादळात तंबूत कोंडून पडल्यावर कोणी कोणाला काय वाचून दाखवले, हे ते घरातल्या काकामामांच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगत.

मला यात काळेबेरे दिसले. आखातात गोड बोलून चहाला बोलावणारा माणूस दुसऱ्या कपाला पनवेलजवळचा प्लॉट काढतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते. साहेबांनी प्लॉट काढला नाही, विमा काढला नाही, साबणाची साखळी योजनाही काढली नाही. त्यामुळे माझा संशय वाढलाच. शेवटी मी त्यांना टोचून विचारले, "साहेब, या गोऱ्यांचं एवढं कौतुक करता, पण यांची ओझी कोणी वाहिली?"

मला वाटले ते चिडतील. ते म्हणाले, "शेर्पांनी. आणि त्यातल्या कित्येकांची नावंसुद्धा कोणी धड लिहून ठेवली नाहीत. ती त्यांची चूकच. माणसाचं कौतुक करावं आणि त्याची चूक आपण करू नये, एवढंच आपल्या हातात." उत्तर चांगले होते, आणि फार चांगल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

दर शुक्रवारी, इथल्या तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, साहेब कोणा ना कोणाला घेऊन रास अल खैमाच्या डोंगरात जात. तोपर्यंत मंदीची लाट आमच्यापर्यंत आली होती. साइटवरच्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, कॅन्टीनमधली टेबले रिकामी दिसू लागली. आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. साहेबांबरोबर जो डोंगरावर जाई, त्याला महिन्याभरात नारळ मिळे. आधी आमच्या स्टोअरमधला एक मल्याळी गृहस्थ. मग ड्रॉइंग विभागातला एक पंजाबी इंजिनियर. मग आमचे साइट सुपरवायझर इक्बाल मुकादम, मूळचे रत्नागिरीकडचे. कॅन्टीनमध्ये लोक उघड बोलू लागले, "टिपणीस के साथ पहाड़ पे गया, तो खलास." माझा तर्क याहून पुढचा होता. मॅनेजमेंट यांच्याकडून माणसे जोखून घेते; चढताना ज्याला धाप लागते त्याचे नाव पुढे जाते. तसे मी वैशालीला सांगितलेही. ती म्हणाली, "कंपनीला काय हमाल हवेत का?" पण तिच्याही चेहऱ्यावर काळजी दिसली.

काळजीला कारण होते. आमची मुलगी इथल्या शाळेत तिसरीत होती, तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर होता, आणि घरांचे भाव उतरले म्हणून आम्ही फ्लॅट घ्यायचे ठरवले होते. कर्ज मंजूर झाले होते, रविवारी, आठवडा सुरू होताच, बँकेत सह्या करायच्या होत्या. त्याआधीच्या गुरुवारी साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "शिर्के, उद्या मोकळे आहात का? डोंगरावर जाऊ."

नाही म्हणावे तर मॅनेजरचा राग, हो म्हणावे तर नारळ. पहाटे त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा वैशालीने दह्याचा चमचा हातावर ठेवला होता. परीक्षेला निघालेल्या मुलाला द्यावा तसा.

डोंगराच्या पायथ्याशी साहेबांनी त्यांचे जुने चावीचे घड्याळ मनगटावरून सोडले आणि मला म्हणाले, "परत फिरायची वेळ अकरा. म्हणा."

"अकरा," मी म्हणालो.

"कुठेही असलो तरी अकरा. हे घ्या, हे तुमच्याजवळ ठेवा."

"माझ्याजवळ कशाला?"

"शिखर दिसायला लागलं की म्होरक्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पुढाऱ्याच्या हातात घड्याळ असू नये. आणि तुमच्याबद्दल ऑफिसात सगळे सांगतात की या माणसाचा कशावरच विश्वास नाही. असा माणूस मला फार दिवस मिळत नव्हता."

ते पुढे वळताच मी खिशातल्या मोबाइलवर त्यांचे घड्याळ ताडून पाहिले. ते बरोबर होते. मग ते वाकून बुटांची नाडी बांधत असताना त्यांची पिशवी उचलून पाहिली. मला वाटले होते, स्वतः हलके घेऊन मला दमवायचा बेत असेल. ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. दोघांचे सगळे पाणी त्यांच्याच पाठीवर होते. मला दिलेल्या पिशवीत थर्मास आणि संत्री होती.

वाटभर ते त्या जुन्या मंडळींबद्दल बोलत होते, आणि मी धाप लागू न देण्याची खटपट करत होतो. त्यांचे बोलणे मला विचित्र वाटले. वर पोचलेल्यांपेक्षा मागे फिरलेल्यांवरच त्यांचे जास्त प्रेम होते. शिखर हाकेच्या अंतरावर दिसत असताना, ज्यासाठी वर्षानुवर्षे घालवली ते समोर असताना, आता वळलो नाही तर परत जाणार नाही हे ओळखून वळलेली माणसे. "पुढे जायला दम लागतो," ते म्हणाले. "परत फिरायला माणूस लागतो." याच ओघात त्यांनी माझ्या घरादाराची चौकशी केली आणि फ्लॅटची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. निघून गेल्यावर मी जीभ चावली.

अकरा वाजले तेव्हा माथा अगदी समोर होता. मलाच वाटू लागले की एवढे आलो तर जाऊन येऊ. साहेबांनी विचारले, "वाजले किती?" मी खरे ते सांगितले. ते जागच्या जागी वळले. वर एकदाही पाहिले नाही.

उतरताना एका बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या विरळ सावलीत आम्ही बसलो. थर्मासमधला चहा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "शिर्के, पुढच्या यादीत तुमचं नाव आहे. मी हे सांगायचं नाही असं माझ्याकडून लिहून घेतलंय. ऑफिसात भिंतींना कान आहेत म्हणून इथवर आणलं. रविवारी सह्या करू नका. मुलीच्या शाळेचं बघा. आणि पत्र हातात पडेपर्यंत कोणाला काही बोलू नका."

मी चहा तसाच धरून बसलो. त्यांचे आभार मानावेत हे सुचलेच नाही. मनात आले ते हे, की घाबरवून माझ्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा आणि कंपनीचा नोटिशीचा पगार वाचवायचा, असा हा डाव असेल. घरी पोचताच मी मुकादमांना फोन लावला.

"शिर्केभाऊ, मला पन त्याच झाडाखाली बसवून बोलले," मुकादम म्हणाले. "राजीनामा बिलकुल देऊ नको बोलले, पत्र येईस्तोवर गप ऱ्हा. मी बायकोपोरांना इज्जतीत गावी धाडलं, गाडीचं लोन मिटवलं. न्हायतर हप्ता थकला की हितं जेल, म्हणून ती गाडी एअरपोर्टला सोडून चोरासारखा पळालो असतो. आमच्या बिल्डिंगमधले दोघे तसेच गेले. आता साहेबांनीच हितं रास अल खैमात एका फॅक्टरीत शब्द टाकलाय. होईल, इन्शाल्ला."

"मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगून तुम्ही मानलं असतं?"

रविवारी मी सह्या केल्या नाहीत. बँकेतला माणूस म्हणाला, अशी संधी परत येत नाही, सर. त्याच महिन्यात पत्र आले. मुलगी तोवर पुण्यात आजीकडे पोचली होती, निघताना तिने एवढेच विचारले होते, "बाबा, आर वी कमिंग बॅक?" दोन वर्षांनी ती परत आली, कारण मलाही रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात काम मिळाले. शब्द कोणी टाकला होता हे सांगायला नको. त्या रविवारी सह्या झाल्या असत्या तर आमच्या संसाराचे काय झाले असते, हा विचार आजही मला पुरता करवत नाही.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण साहेब ती कोणाला सांगणार नाहीत. आमच्यानंतर काही महिन्यांनी त्यांनाही पत्र मिळाले. कोणीतरी वर कळवले होते की बातम्या फुटतात. सकाळी ते नेहमीप्रमाणे कामावर गेले आणि लिफाफा टेबलावर होता. आम्हा सगळ्यांना ज्यांनी आधी सावध केले, त्यांना डोंगरावर न्यायला कोणी नव्हते. हे आठवले की मला अजूनही फार वाईट वाटते. पुढे अबुधाबीत त्यांनी छोटी कन्सल्टन्सी काढली आणि पुन्हा उभे राहिले. पण पत्र मिळाले त्या आठवड्यातल्या शुक्रवारीही ते डोंगरावर गेले होते, एका हिशेबनिसाला घेऊन.

गेली इतकी वर्षे साहेबांनी सावध केलेल्यांचा आमचा गट दर हिवाळ्यात त्या डोंगरावर जातो. घड्याळ माझ्याकडेच असते. आणि आश्चर्य वाटेल, पण साहेबांनी तो माथा कधीच गाठलेला नाही. कोणाला चक्कर येते, कोणाचा पाय मुरगळतो, कोणी नवखा मागे रेंगाळतो, आणि अकरा वाजतात. या हिवाळ्यात, साहेबांची पंचाहत्तरी पूर्ण व्हायच्या आधी, आम्ही मुद्दाम लवकर निघालो. मुकादमांनी पाणी वाहायचे ठरले, साहेबांनी ते ऐकले नाही. चढण छान झाली. पण एका कड्यापाशी वाट दगडांनी बुजली होती, वळसा पडला. अकरा वाजले तेव्हा माथा समोर होता, त्या पहिल्या दिवशी होता तितकाच जवळ. साहेबांचा चेहरा उजळला होता. त्यांनी विचारले, "वाजले किती?"

"पावणेअकरा," मी म्हणालो.

साहेब थांबले. त्यांनी समोरच्या कड्याची आखडलेली सावली पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"शिर्के, तुम्हाला घड्याळ दिलं ते तुमचा कोणावर विश्वास नाही म्हणून. आज तुम्ही घड्याळापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलात." आणि हसून म्हणाले, "चला, फिरा."

उतरताना त्याच झाडाखाली चहा झाला. मुकादम तोंडातल्या तोंडात हसत होते. साहेबांचे म्हणणे खरे होते. एवढ्या वर्षांत दाबून, फोडून, ताडून पाहिल्यावर मला या एका माणसात खोट सापडली नव्हती, आणि माझ्यासारख्याला हे कबूल करणे जड जाते.

अमृतमहोत्सवाच्या लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असे लिहितात. शंभर हा आकडा कोणी ठरवला आणि कशावरून, याबद्दल मला दाट शंका आहे, म्हणून मी तसे लिहिणार नाही. साहेबांचे गुडघे शाबूत राहोत, दम टिको, लोकरी मोजे झिजोत आणि नवे येवोत. माथा अजून बाकी आहे. घड्याळ माझ्यापाशी आहे, आणि या वेळी तपासून सांगतो, साहेब, अजून अकरा वाजलेले नाहीत.