कोरड्या विहिरीतला राजपुत्र
चिंचोके भाजल्याचा वास आला, की दुष्काळातली ती दुपार आठवते. दूध संघाचा टँकर पाणी घेऊन कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून कुणाला घर सोडता येत नव्हतं. तापल्या पत्र्याखाली आई, शेजारची काकू, पुण्याहून आलेली मावसबहीण आणि मी फोडलेले चिंचोके टाकून गोष्ट रचत होतो. पांढरं पडलं की गोष्ट पुढं, काळं पडलं की संकट. राजपुत्र कोरड्या विहिरीत पडला होता आणि सगळ्यांनी मिळून त्याला काढायचं होतं. माझा दोर तुटला, आईची शिडी मोडली. मग मावसबहिणीला पांढरं पडलं. ती ओरडली, "विहीर पाण्यानं भरा, तो तरंगत वर येईल!" काकू गंभीरपणे म्हणाली, "न्हाई बाई. येवढं पाणी असल्यावर आदी हंडे भरू." आम्ही माना डोलावल्या. आता माझ्या घरी नळाला पाणी असतं. राजपुत्र मात्र अजून खालीच आहे.