सीरियस
शहाळं सोलल्याचा वास आला की मला उरणचं आमचं अंगण आठवतं. ‘सीरियस’ हा शब्द आमच्याकडे कुठेही चालायचा: अभ्यासात सीरियस हो, मस्करी नाय, सीरियस बोलतोय. त्या सकाळी कळंबोलीच्या यार्डात कामावर असताना काकांचा फोन आला, “तुजा बाबा सीरियस हाय, लगेच ये.” वाटेत मी बाबांसाठी दोन शहाळी घेतली. घरी पोचलो तर अंगणात भाड्याच्या खुर्च्या, दाराशी मडक्यात गोवऱ्या धुमसत होत्या. काकांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “फोनवर कसा सांगनार, पोरा?” काल तेच काका गेले. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला फोन मीच लावला, आणि म्हणालो, “काका सीरियस आहेत, लगेच ये.”